दोन्ही मिळूनच पुरेशी

सहाशे एकेचाळिसावा प्रश्नही टाकीचाच निघाला, तेव्हा हेमांगी कुंभोजकरने टॅबलेट ताटाशेजारी पालथा घातला आणि उरलेली भाकरी आमटीत कुस्करली.

‘टाकीत पाणी किती लिटर आहे? विधान एक : टाकी दोनशे चाळीस लिटरची असून पाऊण भरली आहे. विधान दोन : टाकीतून साठ लिटर पाणी काढलं, तर एकशेवीस लिटर उरेल.’

पाणी मोजायचं नव्हतंच. उत्तर काढायला कोणतं विधान पुरेसं आहे, एवढंच सांगायचं होतं. पहिल्यातून येतात एकशेऐंशी, दुसऱ्यातूनही एकशेऐंशी, म्हणजे दोहोंपैकी कोणतंही एक पुरेसं. सातवीतल्या मुलीलाही हे कळेल. हेमांगीलाही कळत होतं. पण तिचं बोट जायचं ते ‘दोन्ही मिळूनच पुरेशी’ या पर्यायावर. पहिल्या विधानाने आकडा दिला, दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला की मग कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा. सहाशे एकेचाळीस वेळा जीव भांड्यात पडला होता आणि सहाशे एकेचाळीस वेळा उत्तर चुकलं होतं.

व्यवस्थापनाच्या पदवीची प्रवेशपरीक्षा एव्हाना पार बदलली होती. सगळ्यांना एकच पेपर हा प्रकार इतिहासजमा झाला होता. आता सरावाचं यंत्र आधी तुमच्या चुकांची जात शोधायचं आणि मग त्याच जातीचे प्रश्न समोर टाकत राहायचं. चुकांची सगळी खाती शून्यावर आली की मगच प्रवेशपत्र. हेमांगीची बाकीची खाती दोन महिन्यांत शून्य झाली होती. शेकडेवारी, आलेख, उताऱ्यावरचे प्रश्न, सगळं. हे एक खातं मात्र घोरपडीसारखं चिकटून बसलं होतं.

“अगं, दुसरं विधान वाचूच नकोस ना,” तिचा नवरा सुहास म्हणाला.

“न वाचता कसं राहू? समोर लिहिलंय ते.”

“गॅस बंद केलास का, हे बघायला तू जिन्यातून दोनदा वर येतेस. तुला टाकीचा प्रश्न कसा सुटणार?”

हे खरं होतं, म्हणूनच तिला राग आला.

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत ती चौदा वर्षं तंत्रज्ञ होती. तिथे रक्त जुळवायचं काम यंत्रं करायची, पण पिशवी बाहेर काढण्याआधी माणसांनी करायचा एक जुना रिवाज उरला होता. त्याला ‘उलट वाचन’ म्हणत. एकाने पिशवीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने रुग्णाचा कागद. मग पिशवी आणि कागद अदलाबदल करायचे आणि पुन्हा वाचायचं. नवे लोक हसत. हेमांगी हसत नसे. आठ वर्षांपूर्वी एकाच मजल्यावर दोन शकुंतला पाटील दाखल होत्या, एकीचा रक्तगट ए, दुसरीचा बी. पहिल्या वाचनात सगळं जुळलं म्हणून सिस्टर घाईने पिशवी घेऊन निघालीही. दुसरं वाचन राहिलं म्हणून हेमांगीने दारापर्यंत पोचलेली पिशवी परत आणली आणि त्या वाचनात तिला वयाचा आकडा खटकला. त्या दिवशी तिच्या छातीत जी धडधड झाली, ती पुढे प्रत्येक पिशवीपाशी थोडी थोडी व्हायची.

पण धडधडीला कोण विचारतं? पेढीच्या प्रमुखपदाला व्यवस्थापनाची पदवी लागायची. चार वर्षांत बाहेरून तीन प्रमुख आले. तिघांनाही प्लाझ्मा कुठल्या कपाटात ठेवतात, हे हेमांगीनेच दाखवलं. तिघेही तिला ‘मॅडम, जरा हे बघता का’ म्हणाले आणि बढती घेऊन गेले. आता विश्वस्त म्हणाले होते, मार्चपर्यंत प्रवेश मिळवा, खुर्ची तुमची. नाहीतर पुण्याहून चौथा येईल. चौथ्याला कपाट दाखवायची तिची तयारी नव्हती.

शेवटी फेब्रुवारीत ती डॉ. प्रभंजन तेरदाळकरांकडे गेली.

तेरदाळकर मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी ‘सवयमोड’ नावाची टोपी बनवली होती, ती कुत्र्याला किंवा पाण्याला घाबरणाऱ्या रुग्णांसाठी. पण दवाखान्याबाहेर रांग असायची ती परीक्षार्थींची. त्यामुळे डॉक्टर सदा त्रासलेले असत.

“मला फक्त टाकीचे प्रश्न सुटायला हवेत,” हेमांगी म्हणाली. “बाकी डोक्याला हात लावू नका.”

“टाकीसाठी वेगळा कप्पा असता तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. “गूळ करताना पाहिलाय कधी?”

“आमच्या मामांचं गुऱ्हाळ होतं.”

“मग सोपं आहे. लोकांना वाटतं, आठवण म्हणजे दगडावर कोरलेली रेघ. तसं नाही. आठवण किंवा सवय जागी झाली की ती थोडा वेळ मऊ होते, काहिलीतल्या गुळासारखी. मग मेंदू ती नव्याने थिजवून ठेवतो. या मधल्या तासा-दीड तासाला आम्ही ‘मऊवेळ’ म्हणतो. तुम्ही प्रश्न सोडवायचा, तुमची ती सवय जागी होईल, टोपी तिची जागा टिपेल आणि मऊवेळेत तिला पुन्हा थिजू देणार नाही. बस.”

“म्हणजे मी विसरेन?”

“काही विसरणार नाही. सगळं आठवेल. फक्त आतून जी टोचणी लागते, ती लागणार नाही. पण बाई, नीट ऐका. मेंदू विषयवार वह्या घालत नाही. टाकीपाशी जे टोचतं, तेच आणखी कुठे टोचत असेल, तर तिथलंही जाईल.”

“टाकीशिवाय मला काही टोचत नाही,” हेमांगी फणकारली. मार्चला तेवीस दिवस उरले होते. तिने संमतीपत्र घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली.

चार बैठकांत खातं शून्यावर आलं. टाकी, आगगाडी, काका-पुतण्याची वयं, सगळे प्रश्न पहिल्याच विधानापाशी सुटू लागले. परीक्षेत ती राज्यात बाविसावी आली. सुहासने पेढे वाटले आणि शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितलं की आता ही जिन्यातून एकदाच खाली उतरते.

प्रवेशाच्या मुलाखतीत तिला विचारलं, “प्रमुख झालात तर पहिला बदल काय कराल?”

“उलट वाचन बंद करीन,” ती म्हणाली. “यंत्राने जुळवलेलं असतं. दर पिशवीमागे चार मिनिटं फुकट जातात.”

समोरच्या पाचही जणांनी एकदम माना डोलावल्या. तेही असाच सराव करून त्या टेबलापलीकडे पोचले होते. विश्वस्तांनाही कल्पना पसंत पडली. प्रमुखपदाच्या पत्राबरोबर आदेशाचा मसुदाही आला. त्यावर फक्त तिची सही व्हायची होती.

त्याच आठवड्यात बाळंतपणाच्या वॉर्डातून तातडीची मागणी आली. हेमांगीने पिशवी काढली, चिठ्ठी वाचली आणि पिशवी सिस्टरच्या हातात दिली. तिचे जुने सहकारी मुजावरभाई चष्मा पुसत रुग्णाचा कागद घेऊन आले, तर टेबल रिकामं.

“पिशवी कुठाय बाई?”

“गेली.”

साठीला आलेला तो माणूस जिन्याने पळाला. लिफ्टच्या दाराशी त्यांनी सिस्टरला गाठलं, तिथंच उभ्याने एकट्यानं दोनदा वाचलं आणि पिशवी सोडली. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“बरोबरच होती ना?” हेमांगीने विचारलं.

“बरोबर होती, हे मागनं कळलं. आदी कुठं ठावं हुतं?” ते खुर्चीत टेकले. “बाई, शकुंतला पाटील आठवती का?”

“आठवते की. ए आणि बी. वय चुकीचं होतं. पिशवी मीच परत आणली.”

सगळं आठवत होतं. भिंतीचा रंग, सिस्टरच्या बांगड्या, ती धडधडसुद्धा. पण कुणा दुसरीची हकीकत वाचावी तसं. छातीत काही हललं नाही.

मुजावरभाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. “तुमी मला शिकिवलं, दोनदा वाचल्याबिगर पिशवी सोडायची न्हाई. आता तुमच्याच सहीनं बंद हुणार. येवडं ऐका माजं. सहीच्या आदी त्या डॉक्टरकडं जाऊन या.”

तिला जायची गरज वाटत नव्हती. पण मुजावरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिने चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून ती गेली.

तेरदाळकरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “परत आणता येईल,” ते म्हणाले. “रीत तीच, फक्त उलटी. सवय जागी करायची आणि मऊवेळेत तिला घट्ट करायचं. पण जागी व्हायला ती थोडी तरी उरलेली पाहिजे. गूळच नसेल तर काहील तापवून काय उपयोग?”

टोपी चढली. डॉक्टरांनी तिच्यापुढे पिशवीवरची एक चिठ्ठी धरली. नाव शकुंतला पाटील, रक्तगट ए.

“ही पिशवी सोडायला एवढी माहिती पुरेशी आहे?”

“आहे.”

“आणखी काही बघावंसं वाटतं?”

हेमांगीने प्रामाणिकपणे मनात शोधलं. “नाही.”

टोपीला जोडलेल्या पडद्यावर टोचणीचा आकडा उमटला, शून्य. डॉक्टर वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, मग ते घाईने तारा चाचपू लागले. “थांबा. कधी कधी टोपीतली पट्टी नीट बसलेली नसते. एकदा पुन्हा घेऊ.”

तोवर हेमांगीने स्वतःच टोपी काढून टेबलावर ठेवली होती. पर्समधून आदेशाचा कागद काढून तिने तिथंच त्यावर सही केली.

“कशाला डॉक्टर?” ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. “एकदा दिसला ना आकडा?”