श्वासयंत्रातली दुसरी प्रत

“बाई, यंत्र सुरूच झालं नाही. वडील गेले.”

मेकॅनिकचा फोन एवढाच. आवाजात काही नव्हतं. सुटा भाग मागवावा तसा तो बोलला.

तो जिथे कामाला होता, त्या श्वासयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत अपघातांची चौकशी बाईंकडे असायची. पाठीमागे सगळे त्यांना खडूस म्हणत, आणि होत्याच त्या. बाई त्याच्या घरी गेल्या. वडिलांना झोप लागेना म्हणून त्याने बीपचा आवाज कमी केला होता. यंत्र तो बदल आपल्या मेमरीत लिहून घेत असतानाच पलंग सरकवताना त्याच्याच पायाने वायर निघाली. त्याने लगेच लावली, पण पडदा काळाच राहिला.

“मीच मारलं ना त्यांना?” त्याने विचारलं. बाईंनी यंत्र कुठे आहे ते विचारलं. माहीत नसताना त्या बोलत नसत.

डिझाइनच्या साहेबांचा निकाल मात्र तयार होता. निष्काळजीपणा; नोकरी जाणार, पोलिसांतही कळवणार. यंत्र त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या कपाटात कुलूपबंद केलं होतं. बाईंनी ते मागून घेतलं आणि उघडलं.

यंत्र चालू करताना आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, ठेवलेली सेटिंग्ज वाचतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमला उठवतो. सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक लिहिताना वीज गेली तरी दुसरी हाताशी राहते. मेमरीत कुठली जागा कुणाची, हे सिस्टीमला एका वर्णनातून कळतं. त्यात जी जागा मोकळी, तिथे ती खुशाल लिहिते.

आवाजाचा बदल लिहितानाच वायर निघाल्याने इथे पहिली प्रत अर्धवट होती. दुसरीच्या जागी वडिलांच्या श्वासांच्या नोंदी खच्चून भरल्या होत्या. वर्णनात मात्र दोन्ही प्रती राखीव होत्या.

“वर्णन चोख आहे,” साहेब म्हणाले. “पोरानेच काहीतरी उचापत केली.”

बाई चाचणीच्या खोलीत गेल्या. तिथलं एक ठणठणीत यंत्र त्यांनी उघडलं, मग साहेबांना आणि मेकॅनिकला बोलावलं.

“हे यंत्र छान चालतं. तरी याचीही दुसरी प्रत नोंदींनी पुसली आहे. पहिली शाबूत आहे म्हणून कुणाला पत्ता नाही. आणि याच्या वर्णनात दुसरी प्रत नाहीच. ती जागा मोकळी दाखवली आहे.” त्या साहेबांकडे वळल्या. “श्वासांच्या नोंदी कोण लिहितं?”

“सिस्टीम.”

“राखीव जागेत लिहिते?”

“नाही.”

“मग या पोराच्या वडिलांच्या यंत्रात कशी लिहिली? तेव्हा तिथेही हेच चुकीचं वर्णन होतं. चोख वर्णन मृत्यूनंतर घातलं गेलं. कपाटाची किल्ली कुणाकडे होती?”

साहेब खुर्चीत बसले. “जास्त दिवसांच्या नोंदी हव्या होत्या, म्हणून ती जागा मोकळी दाखवली,” ते हळूच म्हणाले. “दुसरी प्रत कधी लागतच नाही, असं वाटलं. नंतर घाबरलो.”

मेकॅनिकने विचारलं, “वायर निघाली नसती तर?”

“तर ते आज असते,” बाई म्हणाल्या. खोटं बोलून धीर देणं त्यांना कधी जमलं नाही. “पण घरात वायर निघतेच रे. दुसरी प्रत त्यासाठीच होती. तू नाही मारलंस.”

त्याने मान हलवली. अशी यंत्रं आणखी कुठे आहेत, विचारलं, आणि हत्यारांची पिशवी उचलली.

पहिल्या घरी एक म्हातारे गृहस्थ होते. त्याने त्यांना आधी दुसरं यंत्र जोडून दिलं. मग जुनं बंद करायला बटणावर बोट ठेवलं आणि तिथेच, त्या अनोळखी माणसासमोर, तो ढसाढसा रडला.