जिन्यावरून डबा गडगडला

“शंभर गाणी एका सीडीत, अन् कामाचं एक न्हाई! नुसती भरती केलीय मेल्यांनी…”

काउंटरच्या पलीकडं कुणीतरी स्वतःशीच पुटपुटत होतं. कांता रॅकच्या मागं स्टुलावर बसून हेडफोनची तुटकी वायर जोडत होती. गिऱ्हाइकांची कुरकुर मनावर घेणं तिनं कधीच सोडलं होतं. वडीगोद्रीच्या फाट्यावर दुकान म्हटल्यावर गाड्या थांबणार, माणसं उतरणार, कुरकुरणार आणि जाणार.

“भाऊ,” तो आवाज आता तिच्या भावाला, मच्छिंद्रला म्हणाला, “जरा येड्यावानी वाटंल तुम्हाला… पण ‘जिन्यावरून डबा गडगडला’ आहे का?”

“लोकगीत आहे का?”

“न्हाई हो. इंग्रजी.”

मच्छिंद्र खो खो हसत सुटला. इकडं कांताच्या हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई वायर सोडून थेट बोटाला लागली, तरी तिच्या तोंडून साधं ‘आई गं’ निघालं नाही.

कारण ह्या नावाचं गाणं जगात कुठंच नव्हतं! ते नाव तिनं ठेवलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, निळ्या बॉलपेननं, एका कॅसेटीच्या पट्टीवर. आणि ते ठाऊक असलेला दुसरा माणूस…

छे. कसं शक्य आहे?

त्याचं असं झालं होतं. नव्वद साली हे दुकान कॅसेटींचं होतं. लोक कोरी कॅसेट आणून देत, हवी ती गाणी कांता भरून देई. एकदा मुंबईकडचा एक ड्रायव्हर सहा कॅसेटी काउंटरवर आपटून म्हणाला होता, “ही बोंबाबोंब तुम्ही ठेवा, अन् मला एक बराबर कव्वाली द्या.” त्या सहांना ना कव्हर, ना नाव. एकोणीस वर्षांच्या कांतानं एका दुपारी गंमत म्हणून त्यातली एक लावली, अन् बाई गं! गिटारी किंचाळत होत्या, ढोल बदडला जात होता, आणि एक माणूस जीव खाऊन ओरडत होता. शब्द एक कळेना. पण घरात मोठ्यानं बोलायचीसुद्धा चोरी असलेल्या पोरीला वाटलं, हा बाबा माझ्याच वाट्याचं ओरडून घेतोय. ह्याला रॉक म्हणतात, मेटल म्हणतात, हे तिला फार पुढं टीव्हीवरून कळलं. तोवर तिनं आपल्या कानांनी नावं ठेवून दिली होती… ‘वेल्डिंग’, ‘बैल उधळले’, ‘आत्या रुसली’. आणि ज्यात ढोल पायरी पायरीनं कोसळत येई, ते ‘जिन्यावरून डबा गडगडला’.

ह्या गाण्यांना गिऱ्हाईक मिळालं ते एकच. भुजंग. गावातल्या बद्रीनाथमामांचा भाचा. मामाकडं राहून मोटार रिवाइंडिंग शिकत होता. साठ मिनिटांची एक कॅसेट भरायला त्यानं तीन महिने लावले. आठवड्याला एकच गाणं!

“आज पण एकच?” ती विचारी.

“एकच. पोटाला झेपलं पायजे ना.”

“‘वेल्डिंग’ झेपलं का?”

“मला झेपलं. मिस्त्री म्हणला, आत कोण पत्रे ठोकून राह्यलं?”

मग ती हसे, आणि तो ती हसेपर्यंत थांबे. एवढंच. ह्यापलीकडं एक शब्द नाही. शेवटचं गाणं राहिलं ते संथ होतं, त्यात ओरडणारा तोच माणूस अगदी हळू बोलत होता. त्याच्यापुढं तिनं जागा कोरी ठेवली.

“ह्याला नाव न्हाई?”

“तुम्ही ठेवा.”

त्यानं पट्टीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “उद्या सांगतो,” म्हणाला.

तो ‘उद्या’ आलाच नाही. आठवड्यानं कळलं, तो पुण्याला कंपनीत लागला. कांतानं त्या सहा कॅसेटी बांधून माळ्यावर टाकल्या आणि पुन्हा कधी लावल्या नाहीत. वडील आधीच अंथरुणाला खिळले होते. दुकान तिच्या अंगावर पडलं आणि वर्षं गेली. स्थळं येत, परत जात. ‘योग न्हाई’ असं माय म्हणे, आणि कांता मान डोलवून नवी कॅसेट भरायला घेई.

आता रॅकमागं तिनं सळई बाजूला ठेवली. आवाज जमेल तितका साधा ठेवून तिनं विचारलं,

“ए बाजूचं की बी बाजूचं?”

पलीकडं सीडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी हळू…

“…बी. ‘आत्या रुसली’ झाल्यावर.”

ती बाहेर आली. तोच. कानांजवळ पिकलेला, अंगानं जरा भरलेला, डोळ्यांवर चष्मा. रस्त्यानं कापसाचे ट्रक चालले होते, त्यातला एक पुंजका त्याच्या केसांत अडकला होता. काढावा म्हणून तिचा हात उठलासुद्धा… मग तिनं तो आपल्याच बटेवरून फिरवला.

“तुम्ही!” भुजंग काउंटरला धरून उभा राहिला. “दिवाळीला माहेरी आल्ता का?”

“माहेरी? मी गेलेच कधी कुठं?”

“म्हणजे… सासर…”

“कुणाचं?”

“तुमचं!”

“अहो, लग्न झालं तर सासर असतं ना माणसाला!”

 मच्छिंद्रचं हसू कुठं गेलं कळलं नाही. तो खाली मान घालून रिचार्जची कार्डं पुन्हा पुन्हा लावू लागला. कांताला हे दिसलं, पण समजलं नाही. ती माळ्यावर चढली, धुळीनं माखलेलं गाठोडं घेऊन उतरली, अन् कोपऱ्यातल्या जुन्या डेकमध्ये कॅसेट घातली.

डेकचा पट्टा सैल झाला होता. आधी नुसता बैलाचा हंबरडा निघाला. दोघं दचकले, मग हसले. मग पट्टा वेगात आला आणि तो डबा पायरी पायरीनं असा गडगडला की समोरच्या टपरीवरचा चहावाला बाहेर येऊन बघू लागला. कांताच्या छातीत धाडकन काहीतरी उघडलं. तेहतीस वर्षांची बाई, गावात जिला सगळे ‘कांताक्का’ म्हणतात, तिची मान डोलत होती! पायसुद्धा! ही मी? ही होते मी?

मग ते शेवटचं संथ गाणं लागलं.

“ह्याचं नाव सांगणार होतात,” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

“‘सोयरीक’.”

“काय?”

“‘सोयरीक’ ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच सांगायला मामाला धाडलं तुमच्याकडं. मामा परत आला अन् म्हणला, पोरगी दिलीय. पाथर्डीकडं. कुण्या मास्तरला.”

“मास्तरला!” तिला हसावं की रडावं कळेना. “अन् तुम्ही खरं मानलं?”

“तुमच्या घरच्यांनी सांगितल्यावर? मी काय बोलणार… गाडीत बसलो अन् गेलो. मामाला बजावलं, पुन्हा ते नाव माझ्यापुढं काढू नको.”

“अन् तुमचं?”

“झालं होतं. टिकलं न्हाई. कागदावर मोकळे झालो दोघं. तिला पुणं सोडवंना, मला करमंना. आता घनसावंगीला मोटारीचं दुकान टाकलंय.” त्यानं चष्मा काढून उगाच पुसला. “मंग… परत धाडू का मामाला?”

“मामाला नको,” कांता म्हणाली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. “मला विचारा.”

“येता का घनसावंगीला… कायमच्या?”

तेवढ्यात मच्छिंद्रच्या तोंडून निघून गेलं, “अक्का, अन् दुकान?”

तीनच शब्द. कांतानं भावाकडं पाहिलं. मग दुकानाच्या मागच्या दारात पाहिलं. मच्छिंद्रची भाकरी घेऊन आलेली माय, द्वारकाबाई, तिथं उभी होती. किती वेळची कुणास ठाऊक. डबा हातात, चेहरा पांढराफटक.

“येते,” कांता भुजंगला म्हणाली. मग मायकडं वळली. आवाज चढला नाही. “पण आधी कळू दे. मला मास्तरला कुणी दिलं, माय?”

मच्छिंद्रनं डेक बंद केला. द्वारकाबाई काउंटरपर्यंत आल्या, डबा ठेवला, आणि त्याच्या कडीवरून बोट फिरवत राहिल्या.

“तुझा बाप आडवा पडलेला. हे पोरगं नऊ वर्षांचं. दुकानाला हात एक तुझाच. बद्रीनाथ दारात येऊन उभा राह्यला, अन् मी बोलून गेले, पोरगी दिली म्हणून.” त्यांनी पहिल्यांदाच लेकीकडं डोळे उचलून पाहिलं. “मंग मागून जो आला त्याला असंच काहीतरी सांगत गेले. कांते… दिली न्हवती गं. ठेवून घेतली होती आम्ही तुला.”