साडेत्रेचाळीस इंच

माझा टेपवर विश्वास आहे. माणसं बोलताना इंच-दोन इंचांची सूट घेतात, टेप घेत नाही. पांडेसऱ्यात डाइंग मिलच्या मागच्या सोसायटीत आमची एक खोली आहे, तिथं मी ब्लाउज शिवते. ‘मंदाताई, मी बारीक झालेय हो’ म्हणणाऱ्या किती बायकांना या टेपनं गप्प बसवलंय, त्याची गणती नाही. तेव्हा नजर लागली, बाहेरचं झालं, असलं माझ्यापुढे कुणी काढू नये. मी घडलं तेवढं सांगते, मापासकट.

खोली दहा बाय बारा. एका कोपऱ्यात मोरी, खिडकीखाली मशीन. दार आत उघडतं, आणि ते उघडलं की दार नि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळा कोपरा राहतो. ती पोरांची जागा. तिथं त्यांची खेळणी, म्हणजे रिकामी रिळं आणि मोडकी बटणं. बाहेर गटार. मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल तो गटारीला. कधी गुलाबी, कधी शाईसारखा निळा. पलीकडे मागांची खटखट, दिवसरात्र. सुट्टीला माग बंद पडले की उलट कान दुखायला लागतात.

आमचे हे, वाल्मिक, त्याच मागांवर बारा तासांच्या पाळीला. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. घरी आले की जेवणार आणि झोपणार. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याचा आवाज म्हणाल तर मला त्यांचं घोरणंच जास्त ओळखीचं. दिवसभर सोबतीला माझा धाकटा ललित, वय साडेतीन, आणि मशीन. शेजारच्या कलाबाई मिलमध्ये कामाला जायच्या, त्या संध्याकाळीच दिसायच्या. खरं सांगू, एकटेपणानं जीव नकोसा व्हायचा. गावाकडे भांडायला तरी कुणी असतं.

दाराच्या चौकटीवर आमच्या पोरांची मापं आहेत. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरांना चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी ठेवायची आणि कात्रीच्या टोकानं रेघ ओढायची. मग त्या मापानं नवे कपडे. प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीच्या, म्हणजे पंच्याण्णवच्या अखाजीला, माझी थोरली गायत्री साडेत्रेचाळीस इंच भरली. सहावं सरलेलं. त्याच आठवड्यात मी तिला दोंडाईच्याला माझ्या बहिणीकडे, ज्योतीअक्काकडे, सोडून आले.

ललितला कावीळ झाली होती. रोज दवाखाना, वर यांची पाळी, गायत्री दिवसभर कुलपात. अक्काला मूलबाळ नाही. ती म्हणाली, “मंदे, वर्षभर राहू दे पोर माझ्याकडे, तुझा जीव सुटंल.” सगळेच ठेवतात. सोसायटीत अशी किती घरं, ज्यांचं एक पोर गावाला आहे.

निघताना पोर रडायला नको म्हणून करतात तेच मी केलं. अक्काच्या ओट्यावर तिला बसवलं आणि म्हणाले, “आठेच बस हं. उठू नको. मी आत्ते येस.” घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथंच बस, मी आत्ता येते, असं सांगून मी मागच्या गल्लीनं थेट स्टेशन गाठलं. गायत्रीनं मान हलवली होती आणि फ्रॉक गुडघ्यांवरून खाली ओढून घेतला होता. तेवढंच वळून पाहिलं.

ललित आषाढातच खडखडीत बरा झाला. मी तिला आणली नाही. लपवून काय करू? एक पोर कमी म्हणजे खोलीत पाय पसरता येत होते, ब्लाउज दुप्पट निघत होते. आज आणू, दिवाळीला आणू, असं म्हणत राहिले. बरं वाटत होतं मला, काय सांगू.

दिवाळीनंतर ललित खारी अर्धी मोडायला लागला. अर्धी खायची, अर्धी दारामागच्या कोपऱ्यात ठेवायची.

“हे कुणाला रे, उंदरांना?”

“ताईला.”

“ताई दोंडाईच्याला आहे.”

“हो,” तो म्हणाला आणि परत रिळं मांडायला लागला. पोरांचं असं असतं. खारी उंदीर खात असणार, कारण संध्याकाळी ती नसायची. मी पिंजरा लावला. पिंजऱ्यात महिनाभर काही सापडलं नाही आणि खारीही टिकली नाही.

मग कडी. आमच्या दाराची आतली कडी माझ्या हनुवटीएवढी उंच. दुपारी मी कडी लावून घटकाभर आडवी व्हायची. एकदा जाग आली तर दार सताड उघडं. ललित आतच होता, माझ्या पायाशी. गटार दारापुढेच. दोन धपाटे घातले त्याला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून नुसती पडून राहिले, पण दिवसभराची थकलेली, लागलाच डोळा. उठले तर दार उघडं. ललितचा हात कडीला पुरत नाही, मी टेपनं पाहिलं, बोटं ताणूनही सात इंच कमी. डबा, पाट, काहीही जागचं हललेलं नव्हतं.

“कुणी काढली कडी?”

“ताईनं. ताईचा हात पुरतो आता.”

“कशाला काढते?”

“आई आली का बघते.”

“अरे, आई ही काय इथं झोपलीय!”

ललितनं माझ्याकडे पाहिलं. राग नाही, खोडी नाही, मला समजत नाही याचं त्याला वाईट वाटत होतं. “तू नाही,” तो म्हणाला, “तिची आई.”

यांना सांगितलं. हे म्हणाले, “अगं, वारा असेल. कडी सैल झालीय.” आणि पक्कड घेऊन कडी घट्ट करून दिली. इतकी घट्ट की मलाच दोन हात लावावे लागायचे. ती दुपारी पुन्हा उघडली होती. यांना मी परत सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला चौकट पुसताना मला रेघ दिसली. गायत्रीच्या रेघेच्या वर, नवी, कात्रीच्या टोकाची, लाकडाचा पिवळा भुसा अजून कडेला चिकटलेला. टेप लावला. सव्वापंचेचाळीस. सातव्या वर्षाच्या पोरीनं नऊ महिन्यांत वाढावं तेवढंच. गंमत म्हणून कुणी ओढली असती तर इतकी अचूक आली नसती, हे मी बाईमाणसाच्या नाही, शिवणाऱ्याच्या अकलेनं सांगते.

घाबरायला हवं होतं. मला रडू आलं. पोर वाढली आणि मी पाहिली नाही, एवढंच डोक्यात आलं. पिवळ्या कटपीसचा एक तुकडा ठेवला होता, तो काढला आणि त्या मापानं फ्रॉक शिवला. बाह्यांना निळी पायपिंग. इस्त्री करून दारामागच्या खिळ्याला टांगला आणि अक्काला पत्र टाकलं, की नवा फ्रॉक तयार आहे, गायत्रीची उंची कळव, कमी-जास्त करून अखाजीला घेऊन येते.

अक्काचं उत्तर आलं. ‘पोरीचा काडीचा त्रास नाही. बसवावं तिथं बसते. सारा दिवस ओट्यावर असते, हाक मारली की जेवायला येते, परत जाऊन बसते. नव्या फ्रॉकची घाई करू नको. गेल्या अखाजीचाच अजून बेताचा होतो, शिलाईसुद्धा उसवावी लागली नाही. आणि गंमत सांगू का, तुझ्या लेकीची नखं मला एकदाही कापावी लागली नाहीत.’

पत्र मी मशीनवर टाकलं. मग ललितला कलाबाईंच्या खोलीत सोडलं. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. “काऊन वं, एवढी घाईनं?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “पोर आणते माझी.” उधन्याला जाऊन भुसावळ पॅसेंजर पकडली. टेप गळ्यात तसाच राहिला होता, आणि फ्रॉक खिळ्याला.

गायत्री ओट्यावर बसली होती. त्याच फरशीवर. मी ओरडून हाक मारली, पळत गेले, पोटाशी धरली. तिनं धरू दिलं. अंग गार नव्हतं, ताप नव्हता, काही नव्हतं. अक्का चहा टाकायला आत गेली तशी मी तिला खांबाला उभी केली आणि टेप लावला.

साडेत्रेचाळीस.

परत लावला. टाचा टेकवल्या, मान सरळ केली. साडेत्रेचाळीस. दोरा इकडे नाही, दोरा तिकडे नाही.

“बाई गं,” मी म्हणाले, “मी आले ना आता. चल घरी.”

ती परत फरशीवर जाऊन बसली. माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत राहिली. शेवटी कडेवर उचलून नेली. गाडीत तिनं बोरं खाल्ली, पाणी प्यायली, विचारलं त्याला ‘हो’ म्हणाली. वर्षभराचा रुसवा आहे, जाईल, असं मी स्वतःला समजावत होते. माझी चूक होती, रुसायचा तिला हक्कच होता.

घरी आणून सोडली तर ती उंबऱ्यावर बसली, तोंड रस्त्याकडे. ललित कलाबाईंच्या खोलीतून पळत आला, तिला पाहून थबकला, वळसा घालून आत शिरला आणि दारामागच्या कोपऱ्यात जाऊन कुजबुजला. मला ऐकू आलं.

“ताई, ती आलीय. तुझ्यासारखी.”

तीन दिवस मी मशीनला हात लावला नाही. गायत्रीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, शेवभाजी केली, तिच्या आवडीची. ती सगळं खायची आणि उंबऱ्यावर जाऊन बसायची. मला ‘मावशी’ म्हणायची. सवय झाली असेल, मी म्हटलं. मी तिच्याशेजारी बसून राहायची. पोर माझी, मांडीला मांडी लागलेली, आणि त्या खोलीत मी इतकी एकटी कधीच नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी उठले तर कडी निघालेली, दार उघडं. गायत्री उंबऱ्यावर. ललित कोपऱ्यात पालथा पडून रडत होता.

“काय झालं रे?”

“ताई गेली.”

“कुठं?”

“आईकडे. इथं जागा नाही म्हणाली.”

खिळ्यावर फ्रॉक नव्हता.

मी गाद्या उलटल्या, पत्र्याची पेटी उपसली, कलाबाईंची खोली धुंडाळली. गटारीत काठी घालून पाहिलं. गटार त्या दिवशी पिवळी वाहत होती.

त्यानंतर कडी कधी आपोआप निघाली नाही. ललित अख्खी खारी खायला लागला. हे म्हणाले, “बघ, पोर आली आणि घर ठिकाणावर आलं.” मी मान डोलवली. नवव्या दिवशी अक्काचं पत्र आलं. तिचं अक्षर रागात असलं की मोठं होतं.

‘मंदे, तुला अक्कल आहे का? हौसेनं नेलीस आणि पाच दिवसांत परत पाठवलीस? कुणासोबत पाठवलीस विचारलं तर पोर सांगत नाही. आली तशी ओट्यावर बसून आहे. आई म्हणाली इथंच बस, असं म्हणते. पिवळा फ्रॉक मात्र छान शिवलास, अंगाला बरोबर झाला. केवढी उंच दिसते गं त्यात, मी आधी ओळखलंच नाही. काल नखं कापली तिची. पण रात्रंदिवस एकच विचारते, तिला मी काय सांगू? कधी येतेस न्यायला?’

मी पत्र दोनदा वाचलं, घडी केली, मशीनच्या खणात ठेवलं. उंबऱ्यावर गायत्री बसली होती. मी जवळ जाऊन बसले. टेप आता लावत नाही, पण तिची बोटं हातात घेऊन पाहिली. नखं तशीच, बारीक, अखाजीच्या आदल्या दिवशी मी कापून दिली होती तेवढीच.

“मावशी,” रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “मनी माय कव्हय येई?”

माझी आई कधी येईल. मला ओरडून सांगायचं होतं, मीच गं तुझी आई, मी आलेय, बघ तरी माझ्याकडे. तोंडातून भलतंच निघालं.

“आठेच बस,” मी म्हणाले. “ती आत्ते येई.”

तिनं मान हलवली आणि फ्रॉक गुडघ्यांवरून खाली ओढून घेतला.