टोपली झालेला गालिचा

त्या दोघांची पहिली भेट झाली, तेव्हा त्याची पँट तिच्या गालिच्यात होती. प्रेमकथेची सुरुवात याहून शोभिवंत असू शकते, मान्य. पण घडलं ते असं.

पँट त्याने उंची कमी करायला शिंप्याकडे दिली होती. शिंप्याने ती चुकून कातरणाच्या पोत्यात कोंबली आणि पोतं नेहमीप्रमाणे मावशीच्या कारखान्यात धाडलं. कारखाना म्हणजे एक खोली, दोन खिडक्या आणि मावशी. तिथे भाची चिंध्यांच्या पट्ट्या फाडायची, तीन पट्ट्यांची वेणी घालायची आणि मावशी वेणीला वेणी शिवत गोल गालिचे वाढवायची. तो धापा टाकत पोचला, तेव्हा पँट गालिच्याच्या मधोमध वेटोळं घालून बसली होती.

“या पायपुसण्यात माझी पँट—”

“गालिचा आहे.”

“बरं, गालिच्यात माझी पँट आहे.”

“होती,” भाची म्हणाली, आणि हसू लपवायला दोरा दातांनी तोडला.

तो लिफ्टवाला. अडकलेल्यांना सोडवणं हे त्याचं रोजचं काम. इथे मात्र तो स्वतःच अडकला. दुसऱ्या दिवशी पँटची तब्येत विचारायला आला. तिसऱ्या दिवशीही आला. मावशीने बसायला सांगितलं नाही, म्हणून चौथ्या दिवशी स्वतःचं स्टूल घेऊन आला.

हा गालिचा भाचीचा स्वतःचा, पहिलाच. वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत जायचा होता. मावशीने बजावलं होतं, जमिनीवर सपाट बसला तर यापुढचे गालिचे तुझे. नाही बसला तर पट्ट्या फाडत राहा. आणि पट्ट्या फाडून फाडून भाचीचा जीव विटला होता.

एका सकाळी गालिच्याच्या कडा वर उचललेल्या दिसल्या. संध्याकाळपर्यंत त्याची चांगली खोलगट टोपली झाली. गोल गालिच्यात बाहेरच्या वेणीला थोडी ढील सोडावी लागते. टाका ओढून घातला की कडा उठतात. हे भाचीला झोपेतही ठाऊक होतं. पण स्टुलावरून कुणी आपल्याच बोटांकडे बघत असलं, की…

मावशीने कडेवरून हात फिरवला आणि स्टुलाकडे पाहिलं.

भाचीने टाके उसवले आणि त्याला सांगितलं, गालिचा होईपर्यंत येऊ नका. तो गुणी मुलासारखा स्टूल उचलून गेला. आता भाचीचे कान जिन्याकडे आणि टाके सैल. कडेला झालरीसारख्या लाटा उठल्या.

“एक तर त्याला कायमचा घालव, नाहीतर कायमचा ठेव,” मावशी म्हणाली. “तुझ्या हाताला हे येऊन-जाऊन प्रकरण झेपत नाही.”

भाची सुई पदरालाच टोचून निघाली. समोरच्या उंच इमारतीत तो दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये काम करत होता. फटीतून फक्त त्याचं डोकं दिसत होतं. पुरेसं होतं.

“तुम्ही आलात की माझे टाके घट्ट बसतात,” ती म्हणाली. “नाही आलात की सैल पडतात.”

“मग… किती येऊ?”

“कायमचा ये. सवय झाली की हात सरळ चालेल.”

तो उत्तर द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच लिफ्ट दुरुस्त झाली आणि त्याला घेऊन सरळ वरच्या मजल्यावर गेली. ती जिना चढत धावली, तो जिना उतरत धावला, आणि मधल्या वळणावर दोघं असे आदळले की होकार वेगळा द्यायची गरज उरली नाही. तरी त्याने तो दिला. दोनदा.

पुन्हा टाके उसवले, पुन्हा घातले. तो शेजारीच बसून होता आणि ती न ओढता, न सोडता शिवत होती.

वाचनालयात गालिचा उलगडला, तो पाण्यासारखा पसरला. ग्रंथपालबाई टाचा वाजवत त्याच्यावरून चालून गेल्या. एकही कड हलली नाही. मावशीने जमिनीला गाल टेकवून चहूबाजूंनी पाहिलं. खोट सापडेना, तेव्हा नाइलाजाने उठली.

“पुढचा मोठा घे,” ती भाचीला म्हणाली. मग काहीतरी आठवून थबकली. “पण आता पट्ट्या कोण फाडणार?”

मावशीने आणि भाचीने एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं.

त्याने बाह्या सरसावल्या.