तीन उजवे बूट

जव्वादूचे डोंगर तीन दिवस तुडवायचे आणि पायातले बूट अखंड घेऊन आंबूरच्या बूट-कारखान्यात परतायचं, एवढंच काम होतं. पण त्या कामावर कारखान्याचा सबंध शिलाई विभाग टांगलेला होता.

परदेशी गिऱ्हाइकाला घोट्याच्या वर येणारे चामडी स्नीकर हवे होते. तळ चिकटवलेला घ्यायचा की शिवलेला, याचा निवाडा डोंगरावर सोपवून ते मोकळं झालं होतं. प्रत्येकाच्या एका पायात चिकटवलेला बूट, दुसऱ्यात शिवलेला. बूट दगडावर झिजला, फाटला, तरी ती झीज म्हणून मोजली जाणार होती. मात्र एकाही बुटाला हत्यार लागलं, तर चाचणीच रद्द. शिवलेला बूट इलियासने बेतला होता. तो जिंकला, तर शिलाईची यंत्रं चालू राहणार होती. हरला, तर पोंगलच्या आधी त्यांच्यावर कापड पडणार होतं. आणि पन्नाशी उलटलेल्या बेतणाऱ्याला दुसरा कोणता कारखाना दारात उभं करणार होता?

"भाई, शिवलेले तिन्ही उजवेच कसे?" निघताना पूंगोडीने विचारलं. गुणवत्ता विभागातली ती बाई शब्दाला आणि टाक्याला सारखीच कडक होती. "एकाचा उजवा शिवलेला, तर पुढच्याचा डावा, ही रीत. तुम्हीच शिकवलीत ना मला?"

"पहिला नमुना उजव्याच पायाचा करतात, तंगच्ची." धाकट्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला म्हणे. "शिवलेल्या डाव्याचा साचा अजून झालेलाच नाही. गिऱ्हाईक थांबत नाही. आणि डोंगराला डावं-उजवं कळतं थोडंच?"

"डोंगराला नसेल. पायाला कळतं."

तिसरा अरुळप्पा, साच्यावर चामडं ताणून बसवणारा. पोट सुटलेलं आणि तोंड अखंड चालू. तिघांना एकत्र आणलं होतं ते पायाच्या मापाने. नमुने एकाच मापात बनतात आणि हे तिघे नेमके त्या मापाचे. शाळेत ज्या पायांवरून मुली पूंगोडीला हत्तीण म्हणायच्या, त्याच पायांनी तिला ही नोकरी मिळवून दिली होती.

पहिला दिवस दगडांचा गेला. काळ्या कातळावर पाऊल ठेवलं की उन्हाने साठवलेली सारी धग तळव्यातून वर चढे. वाटेकडेची काटेरी जाळी चामड्यावर पांढऱ्या रेघा ओढी. आणि पुढची टेकडी प्रत्येक वेळी मागच्या टेकडीसारखीच दिसे, जणू कुणीतरी कंटाळून तीच ती ओळ पुन्हा लिहीत बसलं होतं. इलियासच्या हाडांत फार जुना थकवा होता. तो डोंगराने दिलेला नव्हता. डोंगराने त्याला फक्त चालायला लावलं होतं.

दर विसाव्याला पूंगोडी समोर येऊन उभी राही. "अंगठा? टाच? घोटा?"

"डावा उत्तम," अरुळप्पा म्हणाला. "उजवाही उत्तम. मधल्या माणसाला मात्र बिर्याणी पाहिजे."

"सकाळी गिळलीत ती?"

"ती पोटाला होती, अम्मा. मी पायाचं बोलतोय."

पूंगोडी इलियासकडे वळली. "उजवा?"

"ठीक."

तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. इलियासने नजर डोंगराकडे वळवली. बुटाच्या आतली शिवण सकाळपासून त्याच्या करंगळीला कुरतडत होती. डाव्या पायातला, ज्याला तो मनातून शत्रू मानत होता तो बूट मात्र गादीसारखा मऊ होता. संध्याकाळी सामै या भरड धान्याच्या शेतातल्या, राखणीच्या रिकाम्या माचाखाली त्यांनी पथारी टाकली, तेव्हा त्याने न विचारताच सांगितलं, "करंगळीशी चावतो, तंगच्ची. माझाच."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुपारपासून लंगडताय."

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. कार्तिकातला, समुद्राकडून येणारा, थांबायचं विसरलेला पाऊस. दुपारपर्यंत चामडं भिजून जड झालं. प्रत्येक पाऊल चिखलातून उपटून काढावं लागे आणि बोलणं आपोआप बंद पडलं. खाली उतरणारी वाट एका रानओढ्याने अडवली होती. पाणी मांडीपर्यंत होतं, गढूळ आणि घाईचं.

"परत फिरू या?" पूंगोडीने विचारलं.

"मागचे दोन ओढे आता याहून मोठे झाले असतील," इलियास म्हणाला. "हात धरा. मध्ये थांबायचं नाही!"

ते पाण्यात शिरले. अर्ध्यावर इलियासला डाव्या पायाखाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. तळ! पुढचं टोक उघडलं, पाण्याने जबडा फाकवला आणि क्षणात सगळा तळ ओरबाडून नेला. मागून पूंगोडी ओरडली. तिचाही गेला! तेवढ्यात अरुळप्पा थबकला. त्याचा सुटलेला तळ दोन दगडांच्या फटीत अडकला होता.

"ओढ! पाय ओढ!"

"निघत नाही, भाई!"

लोंढा आला. अरुळप्पाचं धूड कलंडलं. पाय तिथेच राहिला, अंग वाहून निघालं. पाण्याच्या गर्जनेतही तो आवाज ऐकू आला, वाळलेली फांदी मोडावी तसा! पूंगोडीने त्याची बगल पकडली. इलियासने बुडी मारून बुटाची नाडी सोडली, पाय मोकळा केला. तिघेही खरचटत, आपटत, पाणी पीत पलीकडच्या कातळावर येऊन पडले.

अरुळप्पाची डावी नडगी नको त्या जागी वळली होती. त्याचे ओठ निळे पडले होते.

"जिंकलात की, भाई," तो कण्हत म्हणाला. "तुमचे तिन्ही शाबूत. टाका हलला नाही."

इलियासने पाहिलं. खरंच होतं. तिन्ही उजवे बूट भिजून काळे झाले होते, पण शिवण होती तशी होती. याच क्षणासाठी तो आला होता. आणि क्षण आला, तेव्हा त्याला फक्त इतकंच जाणवलं, की पाणी कातळाच्या पहिल्या पायरीवर चढलं आहे.

रेंज नसल्याने फोन मुका होता. सर्वांत जवळची वस्ती समोरच्या डोंगरधारेपलीकडे होती आणि धारेवर नुकताच तोडलेला बांबू होता: तिरक्या कापाचे, सुरीसारखे खुंट, पानांखाली दडलेले. इलियासने डाव्या पायाला फडकं गुंडाळलं आणि चढायला लागला. वीस पावलांत परत आला. फडकं लाल झालं होतं.

"मी जाते," पूंगोडी म्हणाली.

"पाणी वर चढलं, तर याला ओढून वर कोण नेणार? माझ्यात ते बळ नाही. तुझ्यात आहे."

"पण कशाने जाल? डावा बूट एकही उरलेला नाही. आलटून-पालटून द्यायची रीत पाळली असती, तर..."

इलियासने पिशवीतून रापी काढली. चामडं कापायचं ते पातं सवयीने त्याच्यासोबत असे.

"भाई, नको!" पूंगोडीने त्याचं मनगट धरलं. "हत्यार लागलं, की संपलं. तुमची यंत्रं, तुमचं सगळं."

"कळतंय."

"माझाच कापा," अरुळप्पा दात कडकडवत म्हणाला. "उजवा पाय तसाही कुठे निघालाय आता? फक्त नीट कापा हो. मी तो फार प्रेमाने ताणून बसवला होता."

इलियासने त्याच्या उजव्या पायातला बूट काढला आणि मांडीवर घेतला. या चामड्याचा प्रत्येक वळसा त्याने कागदावर आधी काढला होता. कुठे ताण धरतो, कुठे सोडतो, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. आणि आता तीच बोटं उलटी चालणार होती. डाव्या पायाचा अंगठा उजव्या बुटात करंगळीच्या जागी जाणार. त्याने तिथेच पातं टेकवलं. क्षणभर थांबला. मग एका दमात, धनुष्यासारख्या रेषेत, चामडं उघडत नेलं. कापलेल्या कडेतून आतला फिका रंग दिसला, कधीही प्रकाश न पाहिलेला. दुसरा छेद घोट्यापाशी. पाय आत गेला. अंगठा बाहेर आला. नाडी करकचून बांधली.

"ताठ बसून राहा," तो अरुळप्पाला म्हणाला. "तंगच्ची, झोपू देऊ नकोस त्याला."

"मी आणि झोप?" अरुळप्पा म्हणाला. "ही टीचरम्मा शेजारी असताना?"

मग ती धार. डावं पाऊल पडे आणि दर वेळी बाहेरच्या बाजूलाच जाऊ पाही. ते ओढून सरळ करावं लागे. पुन्हा पाऊल. पुन्हा ओढ. खुंट तळावर आपटत, खरडत, पण आत येत नव्हते. एकदा तो घसरला! गडगडत बांबूच्या बेटावर आदळला, बरगडीत कळ उठली. उठला. पावसात चेहरा वर करून उभा राहिला आणि त्याला वाटलं, इथेच बसावं. बसणं हीच जगातली एकमेव दयाळू गोष्ट आहे. पण बसलं तर उठणं नव्हतं. पाऊल. ओढ. पाऊल. माथा आला तोही कळला नाही. अचानक चढ संपला आणि खाली धुराची एक बारीक रेघ दिसली.

वस्तीवरचं कुत्रं आधी धावून आलं, मग माणसं. एका म्हाताऱ्याने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि हसू दाबत विचारलं, "दोन्ही एकाच पायाचे? घाईत निघालास का रे बाबा?"

"ओढ्याकाठी माणूस पडलाय," इलियास म्हणाला. "पाय मोडलाय. पाणी चढतंय."

हसू मावळलं. दोन माणसांनी बांबू उचलला, तिसऱ्याने घोंगडी. अंधार पडण्याआधी अरुळप्पा झोळीत होता. पाणी कातळाच्या माथ्याला लागलं होतं आणि पूंगोडीने त्याला दोन माणसांच्या उंचीइतकं वर ओढून नेलेलं होतं, एकटीने, तीन पायांच्या खुणा चिखलात ठेवत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाणियंबाडीच्या सरकारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर ते दोघे बसले होते. आत अरुळप्पाच्या पायाला प्लास्टर चढत होतं. पूंगोडीचा फोन वाजला. मालक.

तिने ऐकलं आणि तळहाताने फोन झाकला. "शिवलेले तिन्ही धड आहेत का, विचारतात. भाई, एक दगडावर फाटला म्हणून सांगते. फाटणं चालतं. दोन धड आहेत. मागणी येईल."

जी बाई एक सुटलेला टाका माफ करत नसे, ती हे बोलत होती. इलियासने तिच्याकडे पाहिलं, मग डाव्या पायाकडे. कापलेली कड अजून तशीच साफ होती. धारेवरचा सगळा ताण सोसूनही ती कुठे पुढे फाटली नव्हती, एका दोऱ्याइतकीही नाही. फाटला म्हणायचं. या बुटाला. आणि खोटं पुढची कित्येक वर्षं सांभाळायला जे बळ लागतं, ते त्याच्याकडे उरलं नव्हतं.

त्याने फोन घेतला. "साहेब, एक मी कापला."

"रापीने?" मालकांनी विचारलं.

"रापीने. माणूस वाचवायचा होता. बाकी दोन बुटांची शिवण पाहून घ्या. करंगळीशी चावते, तेवढं सुधारायला हवं होतं."

"म्हणजे संपलं, इलियास."

"हो, साहेब."

त्याने फोन परत दिला. पूंगोडीने खाली वाकून त्याच्या डाव्या पायाची नाडी सोडायला घेतली. ओल्या गाठी नखांनी एकेक उकलत ती बसली. आतून अरुळप्पाचा आवाज येत होता; तो नर्सशी प्लास्टरच्या रंगावरून भांडत होता. इलियासने डोकं भिंतीला टेकवलं. दुसरी गाठ सुटायच्या आतच त्याला झोप लागली.