खोली सातमधली सही

"ती सही माझी नाही," डॉ. मायसा म्हणाली. समोरच्या चहाला तिनं हातही लावला नव्हता. "पण आज चार वाजता चौकशी समितीपुढे हे कोण मानणार? माझी नोकरी जाईल, मादाम."

अलेक्झांड्रियात खासगी तपास करणारी बाई एकच, इजलाल. तिचा सोबती वगदी पूर्वी टॅक्सी चालवायचा. माणूस लाख मोलाचा, फक्त डोकं पहिल्या गियरमध्येच.

प्रकरण असं होतं. खोली सातमध्ये डॉ. रिफअत दाखल होते. वय शहात्तर, त्याच इस्पितळाचे जुने हृदयतज्ज्ञ, अजूनही रविवारी बाहेरचे पेशंट बघणारे, मायसाचे गुरू. आता त्यांचंच हृदय कुरकुरायला लागलं म्हणून मायसानं त्यांचं मीठ बंद केलं होतं. सोमवारी दुपारी सव्वाला कॉम्प्युटरवर ही मीठबंदी उठली. स्वयंपाकघरातून तळलेली मासळी आणि लोणचं वर गेलं. संध्याकाळी म्हाताऱ्याचा रक्तदाब असा चढला की थोडक्यात वाचले. नोंदीत सही डॉ. मायसाची.

"सव्वाला कुठे होतीस?"

"खाली. कोर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, बस उलटली होती. वॉर्डातले सगळे डॉक्टर खाली धावले. वर फक्त नर्सेस आणि पेशंट. आणि ज्या कार्डानं सही होते ते माझ्या गळ्यात होतं."

"म्हणजे भुतानंच केलं," वगदी म्हणाला.

"तू गाडी काढ," इजलाल म्हणाली.

स्वयंपाकघरात उम्म जाबिर भेंडी चिरत होती. "इतकी वर्षं डॉक्टरांचे हुकूम बघतेय बाई. 'मीठ चालेल', दोन शब्द, संपलं. हा मात्र भारी नेमका होता. बांगडा कडक तळा, शेपूट काढू नका, लिंबू दोन फोडी, सलगमाचं लोणचं जास्त. मी म्हटलं, मायसाबाई आज बऱ्याच खुशीत दिसतात."

इस्पितळाचा प्रोग्राम लिहिणारी नेव्हीन दुसऱ्या मजल्यावर बसायची. तिचा चेहरा पडला होता, पण ती हटायला तयार नव्हती.

"माझा प्रोग्राम चुकत नाही. सहीच्या जागी 'डॉक्टर' या प्रकारातलाच माणूस बसतो. नर्सचं कार्ड लावा, तो हाकलून देतो."

"आणि नाव कुठून येतं, बाशमुहंदिसा, इंजिनियरबाई?"

"पेशंटच्या फॉर्मवरून. उपचार करणारा डॉक्टर जो असेल तो. दुसरं कोण सही करणार?"

"कार्ड कुणाचं होतं, हे लिहून ठेवता?"

"नाही," नेव्हीन म्हणाली. "प्रकार तपासला की पुरे, असं वाटलं."

खोली सातमध्ये डॉ. रिफअत उशीला टेकून बसले होते. अंगात पेशंटचा झगा आणि गळ्यात इस्पितळाचं कार्ड. "काढलं की उघडं वाटतं," ते हसून म्हणाले. पलंगाला वॉर्डचा टॅब टांगलेला होता. "इथलं सूप चाखलंत? आमच्या घरच्या मांजरानं तोंड फिरवलं असतं."

मला विचाराल तर या माणसावर रागावणं कुणालाच जमलं नसतं.

इजलालनं मायसाला आणि नेव्हीनला तिथंच बोलावून घेतलं.

"वॉर्डात एकही डॉक्टर नव्हता, असं मायसा म्हणाली. तिनं कामावरचे डॉक्टर मोजले. वगदी, खोलीत किती डॉक्टर आहेत?"

"एक. मायसाबाई."

"नीट बघ."

वगदीनं पलंगाकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"शेपटीसकट बांगडा कोण लिहितं? जो खाणार आहे तो. नेव्हीन, तुझ्या प्रोग्रामनं विचारलं, हा माणूस डॉक्टर आहे का? आहे. झगा घातला म्हणून प्रकार बदलत नाही. पण या पलंगापाशी त्याची भूमिका काय, हे विचारलंच नाही. इथे ते पेशंट. स्वतःची मीठबंदी त्यांनी स्वतःच उठवली आणि प्रोग्रामनं फॉर्मवरचं नाव चिकटवलं."

"माझं," मायसा हळूच म्हणाली.

डॉ. रिफअतांचा चेहरा उतरला. "मी फक्त कार्ड टेकवलं, पोरी. तुझं नाव लागलं? चौकशी? मला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून," मायसा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला विचारलं असतंत तर अर्धा बांगडा मीच आणून दिला असता, बिनमिठाचा."

"बिनमिठाचा बांगडा म्हणजे शिक्षाच की." मग ते पलंगाच्या कडेला सरकले. "चाकाची खुर्ची आणा."

"आता सहीच्या जागी उपचार करणाराच डॉक्टर बसेल," नेव्हीन म्हणाली, "आणि पेशंटला स्वतःसाठी तिथे बसता येणार नाही. आजच बदलते."

चार वाजता समितीचा अध्यक्ष डॉ. रिफअतांना चाकाच्या खुर्चीत बघून ताडकन उठला. एकेकाळी तोही त्यांचाच विद्यार्थी. जबाबाच्या कागदावर त्यानं लिहायला घेतलं, 'ज्येष्ठ डॉक्टर रिफअत'.

"खोड ते," म्हातारा म्हणाला. "पेशंट लिही. डॉक्टर त्या तिकडे उभ्या आहेत. मीठ कधी सुरू करायचं ते त्यांना विचार."