दवाखान्यातला आकडा

“वरचं एकशे साठ, खालचं शंभर,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“मशीन बिघडलंय तुमचं!” मी म्हटलं.

“मशीनला नावं ठेवू नका हं. आत्ताच तपासलंय मी,” टेबलाखालून आवाज आला.

मी दचकलेच. टेबलाखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. ओठांत स्क्रू, केसांवर धूळ, आणि डोळ्यांत उगाचच हसू! दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला आला होता.

एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं, पण मला तिथून पळायचं होतं. मी क्रेन चालवते. वीस मजले उंच, एवढ्याशा केबिनमध्ये एकटी बसून लोखंडाचे गज उचलते, तेव्हा माझा हात तसूभर हलत नाही. आणि दवाखान्याची पायरी चढले की छातीत धडधड, तळव्यांना घाम, घशाला कोरड. तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाले होते. आणखी एकदा झाले, की परवाना गेला.

“आठवडाभर घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ,” बाई म्हणाल्या. “मग कळेल, खरंच प्रेशर आहे की माझीच धास्ती घेतलीय.”

घरी मोजायचं मशीन दुसऱ्या दिवशी त्या दुरुस्तीवाल्यानेच आणून दिलं. मला खुर्चीत बसवलं.

“पाठ टेकवा. पाय जमिनीवर. आता पाच मिनिटं गप्प.”

“पाच मिनिटं?” आई आतून ओरडली. “जन्मात बसली नाही ती!”

“तुम्ही असे बघत बसलात तर…” मी त्याला म्हटलं.

“नाही बघत.” तो खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एकशे चोवीस! मी टाळीच वाजवणार होते, पण पट्टा दंडाला होता.

मग रोज त्याचा फोन. “आज किती?” आकडा सांगून झाला तरी फोन ठेवावासा वाटायचा नाही. मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचे, आणि आई नको तिथे खोकायची.

सातव्या दिवशी तो ‘मशीन नीट चालतंय ना’ बघायला आला. नीटच चालत होतं.

“तुमचं किती असतं हो?” मी सहज विचारलं.

“माझं? मी… मोजत नाही.”

“द्या इकडे हात.”

तो उठलाच. “उशीर झाला, निघतो.” दारात बूट घालताना मान वर न करता म्हणाला, “बाबा यानेच गेले. जेवता जेवता. दुसऱ्यांची शंभर मशीनं तपासतो मी, पण स्वतःच्या दंडाला पट्टा… नाही होत.”

‘घाबरू नका’ म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले होते आणि त्याचा मला कधी काडीचाही उपयोग झाला नव्हता.

“मलाही दर वेळी पळावंसं वाटतं,” मी म्हटलं. “बसा. मीही बसते शेजारी.”

तो बसला. पट्टा फुगला, सैल झाला. एकशे अडुसष्ट. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. त्याचं तोंड उतरलं.

“उद्या सकाळी नऊ वाजता,” मी म्हटलं. “मी येते सोबत.”

सकाळी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो. त्याचा पाय नाचत होता आणि मी आकड्यांची वही उगाच उघडत-मिटत होते. कोण कोणाला धीर देतंय तेच कळेना. आत डॉक्टरबाईंनी त्याला दोनदा तपासलं, गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं. “वेळेवर आलात. गोळी मात्र बहुधा कायमची. दोन आठवड्यांनी या.” मग माझी वही चाळली, माझंही प्रेशर मोजलं. एकशे पन्नास!

माझा जीव टांगणीला लागला.

“इथे चढतंय अजून,” त्या हसल्या. “पण घरचे आकडे उत्तम आहेत. परवान्यासाठी तसंच लिहून देते.”

बाहेर रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. तो कडेला थांबला, बोटांनी चिठ्ठीची घडी घालत, उलगडत.

“दोन आठवड्यांनी… येशील?”

‘तुम्ही’ कुठे गेलं, ते त्यालाही कळलं नसावं.

“येईन की.”

“आणि त्यानंतर?”

“गोळी कायमची म्हणाल्या ना? मग मलाही कायमचंच यावं लागेल…” बोलले आणि जीभ चावली.

तो बघतच राहिला. “म्हणजे…?”

“म्हणजे तेच,” मी म्हटलं, आणि त्याचा हात धरून रस्ता ओलांडला.